मारायचं इंजेक्शन

परतूरच्या मोंढा बाजारामागे डॉ. बेबीनंदाने कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकला त्याला दोन वर्षं झाली, तरी गावाचं हसणं थांबलं नव्हतं. म्हशीला डॉक्टर असतो, बैलाला असतो, कुत्र्याला कशाला? बेबीनंदा वाद घालत नसे. परभणीला शिकून आली होती. वडिलांच्या जुन्या टेबलाला पत्रा ठोकून तिने तपासायचं टेबल केलं होतं, आणि दारावरच्या पाटीवर एकच नियम लिहिला होता: जनावराला जो खाऊ घालतो, त्यानेच सोबत यावं. मालकाला जनावराची किंमत ठाऊक असते. ते रात्रीतून किती वेळा ओकलं ते ठाऊक नसतं.

सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आधी, एका सकाळी दारात जीप थांबली. आष्टीचे कारभारी उतरले. मागे त्यांच्या कापसाच्या गोदामाची राखणदार, बिजली नावाची तांबडी कुत्री आडवी पडली होती. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, अंग थडथड उडत होतं. तिच्याभोवती काठ्या घेतलेले तीन गडी.

"पिसाळली," कारभारी म्हणाले. "मारायचं इंजेक्शन टोचा अन् जल्दी मोकळं करा. काठीनं मारलं की पाप लागतं."

"आणि माझ्या सुईनं मारलं की?"

"तुमचा तर धंदाच हाय, डाक्टरीणबाई." गडी फिदीफिदी हसले.

"कुणाला चावली?"

"न्हाई."

"हिला खाऊ कोण घालतं?"

"मरायला टेकलीय ती! आता तिच्या जेवणाचं काय इचारून राह्यल्या?"

"पाटीवर लिहिलंय."

"म्या पाटी वाचाया न्हाई आल्तो. जमत नसंल तर सांगा, काठ्या हाईतच."

बेबीनंदा जाऊन जीप आणि काठ्या यांच्या मध्ये उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही.

"मारा. पण मग ती कशानं मेली ते कुणालाच कळायचं नाही. पिसाळली होती असंच धरावं लागेल. ज्याच्या ज्याच्या हाताला हिची लाळ लागली, त्या प्रत्येकाला मी सरकारी दवाखान्यात पाठवीन. बेंबीभोवती चौदा सुया. पहिला नंबर तुमचा, आबा."

एक काठी आपोआप खाली आली.

"म्या घालते तिला खायला," जीपच्या पुढच्या सीटवरून बाईचा आवाज आला. कारभारींची सून, तुळजा. कुत्री दुसऱ्या कुणाला हात लावू देईना म्हणून तिला आणावं लागलं होतं.

दवाखान्यातल्या मदतनीस साळूबाईंनी पोत्याची झोळी केली. तुळजाने बिजलीला तिच्यात सरकवलं आणि दोघींनी झोळी आत आणून टेबलावर ठेवली. ती खरंच पिसाळलेली असू शकते हे बेबीनंदा विसरली नव्हती. तिने कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घातले. छातीत घरघर होती. नाडी फार मंद. बुबुळाच्या मधलं काळं टाचणीच्या टोकाएवढं झालेलं, आणि खिडकी लावून अंधार केला तरी ते फुलेना. केसांतून लसणासारखा उग्र वास येत होता.

"हिच्या अंगाला काय लावलं?"

तुळजाने सासऱ्याकडे पाहिलं.

"बिलकुल काही न्हाई," कारभारीच बोलले.

तुळजा पदराने डोळे पुसत होती. रडत असेल असं बेबीनंदाला आधी वाटलं. मग तिने बॅटरीचा उजेड बाजूला धरून नीट पाहिलं. त्या अंधाऱ्या खोलीतही तुळजाच्या डोळ्यांतलं काळं टाचणीएवढंच होतं.

"तुळजाताई, डोकं दुखतंय?"

"कालपासून."

"मळमळतंय? अंधुक दिसतंय?"

तुळजाने मान डोलावली.

"हिच्या अंगात जे गेलंय, तेच तुमच्या हातांतून तुमच्या अंगात गेलंय. आता लपवलंत तर दोघींच्या जिवावर बेतेल."

"गोचिडं लई झालती," तुळजा म्हणाली. "कपाशीवर फवारायचं औषध डब्यात उरलं व्हतं. मामंजी म्हनले, त्यानंच धू, एका दमात साफ व्हतील. म्या काल धुतलं. आज पुन्हा धुतलं."

"तुळजे!"

"तुमीच म्हनले व्हते." ती ओरडली नाही, पण दाराबाहेरच्या गड्यांनी ऐकलं.

बेबीनंदाने या विषावरचा उतारा, ॲट्रोपिनचं इंजेक्शन भरलं आणि बिजलीला टोचलं. मग उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली. "ताई, साबणानं कोपरापर्यंत हात धुवा, लुगडं बदला आणि साळूबाईंसोबत सरकारी दवाखान्यात जा. ही चिठ्ठी तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या. आत्ता."

"काही गरज न्हाई," कारभारी म्हणाले. "कुत्र्यापायी सून दवाखान्यात गेली म्हनून गाव हसंल. घरी चल. लिंबूपाणी पी अन् नीज."

"म्या घरी येत न्हाई." तुळजाने मोरीत हात धुवायला घेतले होते. सासऱ्याकडे पाठ ठेवूनच ती बोलली. "दवाखान्यात चालले. तिथून सोडलं की हितंच येणार. बिजलीचं काय व्हतं ते पाहिल्याबिगर त्या जीपमधी बसणार न्हाई."

साळूबाईंनी तिला आपलं जुनं लुगडं दिलं. दोघी कारभारींच्या पुढ्यातून निघून गेल्या.

कारभारींनी टेबलावरचा केसपेपर पाहिला. 'फवारणीच्या औषधाने दोनदा आंघोळ, मालकाच्या सांगण्यावरून.'

"शेवटचं खोडा."

"नाही."

"तुमच्या दवाखान्यात मंग तालुक्यातलं एक कुत्रं येणार न्हाई."

"बरं." ती घड्याळाकडे पाहून नाडी मोजत होती.

पाव तासाने तिने दुसरं इंजेक्शन दिलं. लाळेच्या तारा आटल्या. घरघर कमी झाली. डोळ्यांतलं काळं जरासं, पण नक्की, मोठं झालं. आता अंगावरचं विष धुवायला हवं होतं, आणि साळूबाई नव्हत्या.

"आबा, पाणी ओतायला एक माणूस लागेल."

"संप्या, तू हो."

दारातल्या संपतने काठी भिंतीला टेकवली आणि हात पाठीमागे घेतले. "आबा, मला डोकेदुखीचा आधीच तरास हाय." बाकीचे दोघे जीपचं चाक तपासू लागले.

कारभारींनी टोपी काढली, खुंटी शोधली, सापडली नाही, पुन्हा घातली. बाह्या वर सारल्या आणि बादलीला हात घातला.

"थांबा," बेबीनंदा म्हणाली आणि हातमोज्यांचा दुसरा जोड त्यांच्यापुढे धरला. "आधी हे. आणि पाणी सावकाश ओता, तिच्या कानात जाऊ देऊ नका."