मॅडमनी टाकलेला शब्द

विद्यापीठातला भाषा विभाग मुख्य इमारतीच्या मागे, सायकली लावायच्या शेडला लागून होता. तिथे कथा-कविता शिकवत नसत. देशोदेशींहून आलेल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात चालेल असं इंग्रजी लिहायला शिकवायचं, एवढंच तिथलं काम. दुकानात, बसमध्ये निभावण्यापुरतं इंग्रजी या मुलांना यायचं. पण निबंध लिहायला बसले की पहिलं वाक्य हमखास ‘माणूस जन्माला आला तेव्हापासून’ असं निघायचं. मॅडम त्यावर लाल काट मारायच्या आणि म्हणायच्या, “आदिमानवाला झोपू दे. तुला काय म्हणायचंय ते सांग.”

मॅडमनी सगळी नोकरी याच कामात घालवली होती. एका इंजिनिअरला ‘बहुधा’ हा शब्द लिहायला शिकवताना त्यांचं अख्खं सत्र गेलं होतं. त्याच्या देशात म्हणे ‘बहुधा’ म्हणणाऱ्या इंजिनिअरच्या पुलावरून कोणी जात नाही. मॅडमनी त्याला हसत हसत पटवलं की इथे उलटं आहे, छातीठोक बोलणाऱ्यावरच लोक आधी संशय घेतात. व्याकरणाच्या चुका त्या पोटात घालायच्या. एका बाबतीत मात्र त्यांच्याकडे क्षमा नव्हती. दुसऱ्याचं वाक्य घेतलंस तर त्याचं नाव दे, आणि स्वतःचं असेल तर मोडकं असलं तरी आण. मोडक्याला मी टेकू देईन, उसन्याला नाही, असं त्या पहिल्याच तासाला बजावून ठेवायच्या.

एकुलती मुलगी परगावी, त्यामुळे घरी त्या आणि काका, दोघंच. काका म्हणजे मॅडमचे यजमान. विद्यार्थी त्यांना काका म्हणायचे म्हणून सगळेच म्हणायला लागले. काका नकाशे काढायच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते. मॅडमचा टायपिंगचा हात आधीपासूनच रडतखडत चालणारा, त्यामुळे वर्गात वाटायचे त्यांचे सगळे कागद वर्षानुवर्षं काकांनीच टाइप केले होते. मॅडमची शिकवण्याची पद्धत मॅडमच्या खालोखाल कोणाला पाठ असेल तर काकांना.

रविवारी दुपारी घरी चहा असायचा. ज्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवशी खोली खायला उठायची, ते यायचे. मॅडम स्वयंपाकघरात असताना काका दिवाणखान्यात त्यांना बोलतं करायचे. कोणाचे वडील आजारी, कोणाचं लग्न मोडलेलं, हे मॅडमच्या आधी काकांना कळायचं. मॅडमना त्याचं कौतुक होतं. निवृत्तीनंतर माणूस नुसता बसून कुजतो, त्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं त्या म्हणायच्या.

त्या वर्षी रविवारी न चुकता येणारी एक नर्स होती. तिच्या देशात तिनं बाळंतपणाच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलं होतं, आणि आता सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. लहान मुलीला आईकडे ठेवून आली होती. कामाची माहिती तिला खडान्‌खडा होती, पण ती कागदावर उतरवायची म्हटलं की हात थिजायचा. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मॅडमनी तिला तीनदा परत केलं. “तुझ्या बाळंतिणी कुठे आहेत यात? हे सगळं पुस्तकातनं उचलल्यासारखं वाटतंय. परत लिही.”

चौथ्या वेळेला जे प्रकरण आलं, ते वाचून मॅडम खुर्चीतून उठल्याच. वाक्यं आटोपशीर, दावे जपून केलेले, ज्याचं श्रेय त्याला दिलेलं, आणि मधोमध त्या वॉर्डातल्या बायका जिवंत उभ्या. त्यांनी ते घरी आणलं आणि जेवायच्या टेबलावर काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

“बघा, याला म्हणतात लिहिणं. एवढ्यासाठी आयुष्य घालवलं मी.”

“छान आहे,” काका म्हणाले.

“नुसतं छान काय? ऐका, हा परिच्छेद परत वाचते.”

काकांनी तो परिच्छेद परत ऐकला. अगदी मन लावून ऐकला.

पुढच्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी मॅडमना बोलावलं. ते वयानं लहान, कधीकाळी मॅडमच्याच हाताखाली शिकवायला लागलेले. आरोग्य शाखेनं त्या प्रकरणावर शंका घेतली होती. आधीचं लिखाण आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक. कोणीतरी लिहून दिलं असणार. चौकशी समिती बसणार होती. सिद्ध झालं तर नर्सचं नाव कमी होऊन तिची परत पाठवणी.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे हिला लिहायला आलं हाच गुन्हा? मी समितीपुढे येते.”

“विचार करा, मॅडम. तुम्ही बोललात तर ते ऐकतील. म्हणूनच म्हणतो.”

समितीच्या दिवशी सकाळी काकांनी सफरचंद कापून डब्यात भरून दिलं. बूट घालताना मॅडमना त्यांचा आवाज आला.

“कशाला पडतेस तू त्यात?”

“माझी विद्यार्थिनी आहे. मी नाही तर कोण पडणार?”

काका क्षणभर दारात उभे राहिले. मग म्हणाले, “बरं. डबा विसरू नकोस.”

समितीचे अध्यक्ष रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, सरळ आणि थोडे कंटाळलेले. नर्स टेबलाच्या टोकाला हात मांडीवर घेऊन बसली होती. विषयावर विचारलं तेव्हा तिनं सगळी उत्तरं बरोबर दिली, पण इतक्या हळू आवाजात की दोनदा तिला पुन्हा बोलायला लावलं. मग मॅडम उभ्या राहिल्या.

“अशी उडी मी खूपदा पाहिली आहे,” त्या म्हणाल्या. “महिनोन्‌महिने माणूस अडखळतो आणि एक दिवस बांध फुटतो. या प्रकरणातलं वाक्यन्‌वाक्य मी ओळखते. हे माझ्या हाताखाली शिकलेल्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही. आजवर मी कोणासाठी शब्द टाकलेला नाही. आज टाकते.”

अध्यक्षांनी दोन्ही सदस्यांकडे पाहिलं आणि कागद मिटले. शंकेचा फायदा विद्यार्थिनीला, असा निर्णय झाला.

बाहेर जिन्याच्या वळणावर नर्सनं मॅडमचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते.

“तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. माझ्या मुलीला मी हे सांगेन. मी कधी विसरणार नाही.”

मॅडमना वाटलं, हिची भाषा घसरली; हिला भलताच शब्द सुचला. त्यांनी सवयीनं दुरुस्त केलं. “खोटं नाही. तुझ्या बाजूनं बोलले, असं म्हण.”

नर्स गोंधळली. “पण काका म्हणाले होते, तुम्हाला सगळं माहीत आहे. म्हणाले, मॅडम तोंडानं बोलणार नाहीत, तूही त्यांच्यापुढे विषय काढू नकोस. त्यांना अवघडल्यासारखं होईल.”

“काय माहीत आहे मला?”

नर्सनं हात सोडले. मॅडमना काहीच माहीत नव्हतं, हे तिला कळलं. मी बोलायची आणि काका लिहायचे, असं ती सांगत गेली. रविवारी, मॅडम स्वयंपाकघरात असताना. मग मॅडम वर्गावर असताना इतर दिवशीही. माहिती तिची, बायका तिच्या, आणि वाक्यं सगळी काकांची.

मॅडम तिथून घरी कशा आल्या ते त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं. काका गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मॅडमचा चेहरा पाहून त्यांनी झारी खाली ठेवली.

“सांगितलं का तिनं?” ते म्हणाले.

“तुम्ही सांगायला हवं होतं.”

“ती माझ्यासमोर रडायची गं. तू वर्गात ‘परत लिही’ म्हणून मोकळी होतेस. ती इथे येऊन रडायची. मी काय करायला हवं होतं?”

“चहा द्यायला हवा होता.”

काका म्हणाले, “मी कोणाचं वाईट केलं का?”

“सकाळी मी बूट घालत होते. तुम्ही या दारात उभे होतात. मी कशासाठी चाललेय हे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या हातात डबा दिलात तुम्ही.”

“वाटलं, निभावून जाईल.”

“आणि मी वाचून दाखवलं तेव्हा? दोनदा वाचलं मी.”

काकांनी मान वर केली नाही. “तू इतकी खुश होतीस. आयुष्यभर नकाशे काढले मी, त्यातल्या एकाबद्दल तरी तू असं बोलली होतीस का? मला ऐकत राहावंसं वाटलं.”

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे मॅडमना कळतही होतं. तरी त्यांचा राग तसूभर कमी झाला नाही. त्यांनी विचारलं, “हिच्याआधी किती?”

“असतील चार-पाच. सगळं नाही, एखादं प्रकरण, एखादा निबंध.”

“कोण?”

“ते मी सांगणार नाही. पोटापाण्याला लागलीत मुलं.”

त्या रात्री मॅडम मुलीच्या जुन्या खोलीत झोपल्या. सकाळी नर्सला गाठलं. “मी माझा शब्द मागे घ्यायला चाललेय. तू सोबत आलीस तर तुझं तू सांगू शकशील. नाही आलीस तर मला सांगावं लागेल.” नर्सच्या नजरेत पहिल्यांदाच राग दिसला. तिच्या हिशेबी मॅडमनीच तिला दगा दिला होता. पण ती आली.

विभागप्रमुखांनी दोघींचं ऐकून घेतलं. नर्स स्वतःहून आली म्हणून तिला काढून टाकलं नाही. ते प्रकरण रद्द झालं आणि पुढच्या सत्रात तिनं ते दुसऱ्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली, वर्गात बसून लिहिलं. साधं, खडबडीत, पण तिचं. ती बेताच्या गुणांनी पास झाली आणि मॅडमना न भेटता आपल्या देशात परत गेली.

“तुम्हाला माहीत नव्हतं यावर माझा विश्वास आहे,” विभागप्रमुख मॅडमना म्हणाले होते. “पण सगळेच विश्वास ठेवतील असं नाही.” तसंच झालं. परीक्षणाच्या कामातून मॅडमचं नाव काढलं. स्टाफरूममध्ये त्या आल्या की बोलणं हवापाण्यावर वळायचं. घरचं टायपिंग आणि रविवारचा चहा त्यांनी स्वतःच बंद केला. परगावच्या मुलीनं फोनवर वडिलांची बाजू घेतली. “आई, त्यांनी मदतच केली ना? तू बाबांचं नाव तिथे सांगायला नको होतंस.” मॅडमनी “जेवलीस का?” असं विचारून विषय बदलला.

काकांनी माफी मागितली. एकदा नव्हे, अनेकदा मागितली, आणि मनापासून मागितली. दोघं एका टेबलावर जेवायचे. औषधं, बिलं, पाहुणे यावर बोलणं व्हायचं. बाहेरून पाहणाऱ्याला काही बिनसलंय असं वाटलं नसतं.

निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता त्याच्या देशात प्राध्यापक झाला होता. त्याच्या पुस्तकाला पारितोषिक मिळालं होतं आणि समारंभात भाषण करताना त्यानं मॅडमचं नाव घेतलं होतं. “मला लिहायला तुम्ही शिकवलंत,” तो म्हणाला. मॅडमनी अभिनंदन केलं, मुलाबाळांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

काका समोर वर्तमानपत्र वाचत होते.

“हा होता का त्यातला?” मॅडमनी विचारलं.

“नाही गं. हा अजिबात नाही. याचं सगळं याचंच.”

मॅडम त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. काका खरं बोलत असावेत. बहुधा. मग त्या उठल्या, कपाटातून त्या विद्यार्थ्याचा जुना निबंध शोधून काढला आणि दिव्याखाली धरून पहिल्या ओळीपासून तपासायला बसल्या.