सगळं आलं का?

डोंगरातल्या त्या सहलीला जाहिरातीत नुसती सहल म्हटलेलं नव्हतं, जबाबदार सहल म्हटलं होतं. नुसती सहल असती तर वहिनींचे यजमान गेलेच नसते. ते विमा कंपनीत दाव्यांच्या विभागाचे मोठे साहेब होते आणि एखाद्या गोष्टीची जबाबदारी कंपनीवर कशी येत नाही, हे सिद्ध करण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना साहेब म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनींना यायचं आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं. बुकिंग झाल्यावर त्यांना कळवण्यात आलं.

गट लहान होता, कारण मोठा गट डोंगराला सोसत नाही म्हणे. दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको, एक योगाबाई, स्टीलच्या बाटल्या गळ्यात अडकवून हिंडणाऱ्या दोन बहिणी आणि साहेब-वहिनी. शिवाय कंपनीचा टूर लीडर. तो इतकं हळू बोलायचा की तो काहीतरी खोल सांगतोय, अशी सगळ्यांची समजूत व्हायची. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत गोळा केले आणि नियम सांगितले. प्लॅस्टिक आणायचं नाही. पाणी लॉजवरच्या माठातलं, ताज्या झऱ्याचं, तेवढंच प्यायचं. पायवाट रुंद होऊ नये म्हणून एकामागोमाग एक चालायचं. आणि ज्याचा कचरा त्याने आपल्या पिशवीत भरून खाली आणायचा, अगदी खजुराच्या बीसकट.

हा शेवटचा नियम साहेबांना फारच भावला. रोज संध्याकाळी लॉजवर ते स्वयंपाकघरातला वजनाचा काटा मागून घेत आणि प्रत्येकाची पिशवी तोलत. डॉक्टरांच्या पिशवीत एकदा केळ्याच्या दोन साली कमी भरल्या, तेव्हा साहेबांनी त्यांची अशी उलटतपासणी घेतली की डॉक्टरांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

वहिनींना या कशाचंच काही वाटत नव्हतं. त्यांना घोर होता तो वेगळ्याच गोष्टीचा. याच कंपनीची डोंगरात जबाबदार निवृत्तीची योजना होती. मातीची, बुटकी, शेणाने सारवलेली घरं. साहेबांनी त्यातलं एक पसंत केलं होतं आणि त्यासाठी शहरातला फ्लॅट विकायचा, असंही ठरवून टाकलं होतं. फ्लॅट दोघांच्या नावावर होता. सहलीच्या शेवटच्या सकाळी योजनेचा माणूस कागद घेऊन येणार होता आणि वहिनींनी सही करायची होती.

त्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत वहिनींची दोन शिलाई मशीनं होती. दुपारी चार बायका यायच्या, कुणाचा कुर्ता सैल करायचा, कुणाच्या मुलीच्या शाळेच्या गणवेशाची शिवण उसवायची. मशीनच्या खडखडाटात सगळ्या घरच्या गोष्टी बोलून घ्यायच्या. वहिनींचा दिवस तिथे सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा. साहेब त्या खोलीला पसारा म्हणायचे.

"आपण पृथ्वीवरचा आपला पसारा कमी करायला हवा," ते हल्ली म्हणत. पृथ्वीवरचा म्हणजे वहिनींचा, हे वहिनींना न सांगता कळत होतं. पण सबंध संसारात साहेबांना नाही म्हणायची वेळ त्यांनी टाळलीच होती, आणि आता जीभ वळत नव्हती.

शेवटून दुसऱ्या दिवशी गट खिंडीपर्यंत चढून गेला. वर पोचल्यावर लीडरने जाहीर केलं की आता लॉजपर्यंत उतरताना मौन पाळायचं. डोंगराला आपला आवाज नको आहे. मागे वळून बघायचं नाही, फक्त या क्षणात राहायचं. आधी सगळ्यांनी डोळे मिटून थोडं बसायचं.

नेमकी तेव्हाच वहिनींना घाई लागली. मौन सुरू झालं होतं. त्यांनी साहेबांच्या गुडघ्याला हात लावला. साहेबांनी एक डोळा किलकिला केला. वहिनींनी करंगळी दाखवली. साहेबांनी डोळा मिटला आणि ते पुन्हा त्या क्षणात गेले. वहिनी आपली कचऱ्याची पिशवी दगडावर ठेवून खडकांच्या मागे गेल्या. जरा लांबच गेल्या, कारण डॉक्टरांच्या बायकोची नजर फार तीक्ष्ण होती.

त्या परत आल्या तर खिंडीत चिटपाखरू नव्हतं.

आधी त्यांना वाटलं, थट्टा आहे. मग वाटलं, पुढच्या वळणावर थांबले असतील. वळणावर कुणी नव्हतं. त्यांनी हाका मारल्या. हाका ऐकून मागे वळायचं नाही, हा नियम त्यांना नंतर आठवला. पायवाटेला दोन फाटे होते, धुकं खालून वर यायला लागलं होतं, फोन पिशवीत होता आणि पिशवी लीडरच्या खांद्यावर. वहिनींचं धाबं दणाणलं. खडकाला टेकून त्या थोडा वेळ रडल्या. मग त्यांना राग आला, आणि राग आल्यावर पाय चालायला लागले. खाली डांबरी रस्ता दिसत होता. पायवाटेचा नाद सोडून, बसत, घसरत त्या रस्त्याकडे उतरल्या.

दिवस कलल्यावर एक टेम्पो आला. लॉजचं नाव ऐकून ड्रायव्हरने त्यांना वर घेतलं. मागे पाण्याचे मोठाले प्लॅस्टिकचे जार खचाखच भरले होते.

"कुठं पोचवायचं हे?" वहिनींनी विचारलं.

"तुमच्याच लॉजवर. रोजची फेरी आहे. मागच्या दारानं जायचं आणि माठात ओतून लगेच निघायचं. पाहुण्यांना दिसलं तर आमचं कंत्राट जाईल. तुम्ही बघितलं हे सांगू नका हं."

"कुणाला सांगणार? आमचं मौन आहे," वहिनी म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसू आलं.

तर अशा रीतीने वहिनी ताज्या झऱ्याबरोबर मागच्या दाराने लॉजमध्ये शिरल्या. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि पलीकडे मंडळी गोल करून बसली होती. मौन नुकतंच सुटलं होतं. साहेबांच्या हातात काटा होता.

"मित्रांनो," लीडर हळूच म्हणाला, "आज आपण डोंगरावर मागे काय ठेवून आलो?"

"काहीही नाही," साहेब म्हणाले. त्यांची छाती फुगली होती. "एकूण एक पिशवी मी स्वतः तपासली आहे. आमची ही तर आपली पिशवी दगडावर विसरून आली होती. ती मी उचलून आणली. आत खजुराच्या दोन बिया होत्या, त्यासुद्धा आल्या."

टाळ्या पडल्या. योगाबाईंचे डोळे पाणावले.

"आणि वहिनी?" डॉक्टरांच्या बायकोने इकडेतिकडे बघत विचारलं.

"खोलीत पाय चेपत पडली असेल."

वहिनी दारातून पुढे आल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती, हाताला खरचटलं होतं. त्यांनी काय झालं ते थोडक्यात सांगितलं. टेम्पोत काय होतं, तेवढं सांगितलं नाही.

लीडरने सर्वांत आधी हात वर केले. "निघताना मी विचारलं होतं. मौन मोडून विचारलं. सगळं आलं का, म्हणून. साहेब म्हणाले, सगळं आलं."

"बरोबर," साहेब म्हणाले. त्यांच्यातला दाव्यांचा विभाग जागा झाला होता. "प्रश्न 'सगळं आलं का' असा होता. 'सगळे आले का' असा नव्हता. सगळं म्हणजे सामान आणि कचरा. त्याचं मी दिलेलं उत्तर अचूक आहे. अगं, तू सांगून गेली होतीस का?"

"मौन होतं."

"खूण केलीस?"

"करंगळी दाखवली. तुम्ही डोळा उघडून बघितली."

"बघितली असेल, पण मी क्षणात होतो. म्हणजे दोष तसा कुणाचाच नाही," साहेबांनी निकाल दिला आणि काटा खाली ठेवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बाटल्यावाल्या बहिणींपैकी एकीने वहिनींना माठातलं पाणी आणून दिलं आणि म्हणाली की झऱ्याच्या पाण्याने बरं वाटेल.

खोलीत गेल्यावर वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा सरळ सांगितलं. "मला इथे राहायचं नाही. मी सही करणार नाही. मला माझ्या मशीनपाशी जायचंय."

साहेब अजिबात चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बायकोच्या पाठीवर थोपटलं. "दमलीस तू. सकाळी डोकं शांत झालं की करशील. मी त्यांना आपल्या दोघांचा होकार कळवून टाकलाय."

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. चिखलाची साडी त्यांनी धुऊन वाळत टाकली आणि आपलं सामान भरलं.

सकाळी लॉजसमोर गाडी लागली. योजनेचा माणूस वरच्या मातीच्या घरापाशी कागद घेऊन थांबला होता. साहेब चढणीला लागले. "मी पुढे होतो. तू ये सावकाश. गाडी काय, आपल्याशिवाय थोडीच जाणार आहे," ते जाता जाता म्हणाले.

वहिनी गाडीत जाऊन मागच्या खिडकीपाशी बसल्या. मांडीवर पर्स, पायाशी बॅग, बॅगेवर अजून ओलसर साडी. फोन परत मिळाले होते, त्यामुळे बाकी मंडळींच्या माना खाली होत्या. लीडर टपावरचं सामान बांधून आला. त्याने दारातून आत डोकं घातलं, पिशव्यांकडे बघितलं आणि हळू, खोल आवाजात विचारलं, "सगळं आलं का?"

वहिनींनी पर्स बघितली, बॅग बघितली, साडी चाचपली.

"सगळं आलं," त्या म्हणाल्या.

गाडी निघाली. वळणावर मागच्या काचेतून वरचं बुटकं घर दिसलं आणि त्याच्या अंगणातून उताराला धावत सुटलेले साहेब दिसले. ते हाका मारत असावेत. एका हातात कागद होते आणि दुसरा हात, करंगळी नव्हे, अख्खा हात ते हलवत होते. वहिनींनी तो नीट बघितला. मग डोळे मिटले आणि त्या क्षणात राहिल्या.