बसलेल्या माणसाचा शर्ट

शीला मेश्राम शिवण शिकली ती उसवून. भंडाऱ्याकडच्या तिच्या गावात शिकवणारं कुणी नव्हतं. म्हणून वडिलांचं जुनं कुडतं, शेजारणीचं विटलेलं पोलकं, जे हाती लागेल त्याचे टाके ती ब्लेडने सोडवायची, तुकडे जमिनीवर मांडायची आणि बघत बसायची, की एवढ्याशा चिंध्यांतून आख्खा माणूस उभा कसा राहतो. एकदा लग्नाला आलेला पाहुणा विसरलेली पँट शोधत परत आला, तेव्हा पँट अकरा तुकड्यांत होती. तो मार तिला चव्वेचाळिसाव्या वर्षीही आठवायचा. पँट कशी शिवतात तेही आठवायचं.

आता ती नोएडातल्या एका एक्सपोर्ट कंपनीच्या सॅम्पल रूममध्ये होती. घर गाझियाबादला, वैशालीत, चौथ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्ट पंच्याण्णव सालापासून येणार होती आणि आता नव्याण्णव चाललं होतं. नवरा दादाराव कृषी भवनात. ते चार्टर्ड बसने दिल्लीला जायचे, ही शेअर ऑटोत सहा जणींच्या मांड्यांवर मांडी ठेवून नोएडाला. कंपनीत पहिली सहा वर्षं तिने धागा कटिंगला काढली होती. तयार कपड्याचे लोंबते दोरे कापायचे, सकाळी नऊपासून, मान खाली. सॅम्पल रूममध्ये येऊन तीन वर्षं झाली, तरी कुणी मोठ्याने हाक मारली की तिची मान आधी खाली जायची, मग वर.

त्या मेमध्ये अमेरिकेतल्या एका बायरचा शर्ट आला. म्हणजे शर्टाचं चित्र आणि मापं आली. तिकडची माणसं म्हणे सुट्टीच्या दिवशी भर उन्हात चिंचोळ्या, एकट्याच्या होडीत बसतात, स्वतःच वल्हवतात आणि मासे धरतात. त्या होडीला कयाक म्हणतात. शर्ट त्यांच्यासाठी. लांब बाह्या, पाठीवर झाकणाखाली जाळी, छातीवर दोन खिसे.

“मच्छी के लिए इतना शर्ट?” मास्टरजी म्हणाले. सॅम्पल रूमचे मास्टरजी बरेलीचे, चाळीस वर्षांची कात्री. त्यांनी शर्ट केला, डमीवर चढवला. असा बसला की जणू डमी शर्टासकटच जन्मली. अमेरिकेहून फॅक्स आला: बाह्या वर चढतात, पाठीत ओढतो, उकडतं. मास्टरजींनी छातीत एक इंच वाढवला. पुन्हा फॅक्स. त्याच तीन तक्रारी, फक्त या वेळी खाली ‘शेवटची संधी’ असं लिहिलेलं.

मालक खाली आले. सगळे डमीभोवती उभे राहिले, आजारी माणसाभोवती राहतात तसे. आणि शीलाच्या तोंडून निघून गेलं,

“साहब, डमी तो खडी है. आदमी बैठा है.”

“तो बिठा दो डमी को,” मास्टरजी म्हणाले. सगळे हसले.

मालक हसले नाहीत. “ठीक है. तीसरा सॅम्पल तुम बनाओ. मंगल को कुरियर जाएगा. पास हुआ तो अच्छा. नहीं हुआ तो मास्टरजी के काम में टांग नहीं अडाओगी, वापस धागा कटिंग.”

घरी आल्यावर तिने दादारावांना सांगितलं. ते पंख्याखाली बनियनवर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

“काहून बोललीस मधात?” ते म्हणाले.

“खरं होतं म्हणून.”

“खऱ्याला कुरियरची तारीख नसते, शीला.” मग पेपर खाली ठेवून: “आता बसणार कुठं तू? आपल्याकडे होडी आहे का?”

होडी कृतिकाने शोधली. कृतिका म्हणजे बायरशी बोलणारी मर्चंडायझर, चोवीस वर्षांची, दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी. कारखान्यात शीला तिला ‘मॅडम’ म्हणायची आणि जिन्यात ‘बाळा’. ती दोन्हीकडे ‘शीला आंटी’ म्हणायची. सोहन्याजवळ दमदमा तलावावर साहसवाल्यांचा एक कॅम्प होता, तिथे तसल्या होड्या होत्या. रविवारी कृतिकाच्या मारुतीतून तिघं निघाली. गुडगाव लागलं. शेतात मधेच काचेची एक उंच इमारत, तिच्या सावलीत म्हशी. पुढे नुसते खांब, खांबांवर पुढच्या इमारतीचं चित्र. दादाराव प्रत्येक चित्र वाचत होते. “स्विमिंग पूल, क्लब हाउस, लिफ्ट. बघ, यांनीपण लिफ्टचं चित्रच काढलंय.”

तलावाच्या काठी किकराच्या, म्हणजे बाभळीच्या, सावलीत कृतिकाने डिकी उघडली. “आंटी, चूज करा! म्हणजे... निवडा.” आत मास्टरजींनीच बेतलेले, तीन कापडांचे तीन शर्ट, रुंद काठाची गवती हॅट, मानेवर पडदा असलेली टोपी, बोटं कापलेले हातमोजे, गॉगल, सनस्क्रीनची ट्यूब.

“उन्हात पांढरं सुती,” शीला म्हणाली. “याला दुसरं मत नाही.” बुद्धवंदनेला जाताना ती पांढरं नेसायची, उन्हाळ्यात गावाला जाताना पांढरं, तिची आई शेतावरही पांढरंच नेसायची. सलवार-कमीजवर तिने पांढरा सुती शर्ट चढवला. गवती हॅट घेतली. दादारावांनी खिशातून कांदा काढून तिच्या छातीवरच्या खिशात घातला आणि झाकण लावून टाकलं.

“अहो, हे काय?”

“लू लागत नाही. बघ की, बरोबर मापाचा खिसा शिवलाय त्यांनी.”

कृतिका वाकून वाकून हसत होती. “आंटी, खिशाचं काम काय, हे बायर दोन आठवडे समजावत होता मला!”

कयाक म्हणजे भली मोठी नारिंगी भेंडी होती, दोन्हीकडून टोकदार. कॅम्पवाल्याने शीलाला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले, होडीला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतः धरलं. तिने वल्हं मारलं. होडी जागच्या जागी गोल फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा गोल.

“दळण किती झालं?” काठावरून दादाराव ओरडले.

पण तिला ऐकू आलं नाही. ती बघत होती. अकरा वाजले होते. सूर्य डोक्यावर होता तो होताच. पण पाण्यातून दुसरा वर बघत होता. हॅटच्या काठाखालून त्याचा उजेड हनुवटीवर, नाकपुड्यांत, पापण्यांच्या आत शिरत होता. हॅट वरच्या सूर्यासाठी होती. खालच्याचा कुणी विचारच केला नव्हता, तिने नाही, मास्टरजींनी नाही. आणि तो लाडका पांढरा शर्ट सगळा उजेड गोळा करून थेट तिच्या डोळ्यांत फेकत होता. वल्ह्यावरून पाणी ओघळून बाह्यांत गेलं. सुती कापडाने ते पिऊन घेतलं आणि दंडाला चिकटून जड होऊन बसलं, माहेरी आलेल्या मुलीसारखं, उठायचं नाव नाही.

ती काठावर आली. “पांढरं चुकलं,” ती म्हणाली. हे वाक्य तिला सोपं गेलं नाही; आईला खोटं पाडल्यासारखं वाटलं.

मग तिने राखी रंगाचा, पातळ नायलॉनचा शर्ट घेतला. मे महिन्यात प्लास्टिक अंगात घालायचं म्हणजे चटणीवर मिरची; पण कापड ओलं करून तिने हवेत धरलं, आणि पदर सावरायला लागतो तेवढ्या वेळात ते गार होऊन वाळलं. हॅटच्या काठाला आतून तिने दादारावांचा काळा रुमाल टाचला. मानेभोवती त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा, ओला करून. दादारावांनी आता डब्याच्या पिशवीतून पुठ्ठ्यावर गुंडाळलेला गळ काढला.

“हे कधी आणलंत?”

“मासे धरणाऱ्याचा शर्ट आहे ना? मग मासा धरल्याशिवाय कसा कळेल.”

कणकेचा गोळा लावून दिला त्यांनी.

“भैया, रस्सी छोड दो,” शीला म्हणाली. कॅम्पवाल्याने दोर सोडला आणि दुसऱ्या होडीत बसून तो मागे मागे राहिला. या वेळी होडी सरळ गेली. उजवं, डावं. उजवं, डावं. काठावरचे आवाज हळूहळू विरले. अरवलीचे बुटके डोंगर आधी डोंगर राहिले, मग पाण्यातले डोंगर त्यांना येऊन मिळाले, आणि ती अशा ठिकाणी पोचली की कुठला कोणता हे सांगता येईना. तिने वल्हं मांडीवर ठेवलं, गळ पाण्यात सोडला आणि दोरा उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळला.

तिच्या गावात तलाव होता, मोठा, पुरातन. पण त्यांच्या वस्तीतल्या बायकांची जागा खालच्या अंगाला, जिथे म्हशी डुंबून झाल्यावरचं पाणी यायचं. आई तिथे गुडघ्यापर्यंत उतरायची, कळशी बुडवायची, मागे फिरायची. शीलाने आयुष्यभर पाणी पाहिलं होतं ते काठावरून, तेही खालच्या काठावरून. मधोमध पाण्याला वरची बाजू नसते, खालची नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने हात बुडवला. पाणी वर कोमट आणि चार बोटं खाली गार होतं. त्या गारव्यात तिने मनगटापर्यंत हात तसाच ठेवला, आणि तिला एकदम मोठ्याने बोलावंसं वाटलं, पण बोलायला काही सुचेना. भोवती सगळं लखलखत होतं आणि त्या लखलखाटात कुणीही तिला हाक मारत नव्हतं. मान खाली जायचं कारणच नव्हतं.

अंगात मात्र उकडत होतं. दंड गार, मान गार, पाठ पेटलेली. तिने पाठीमागे हात नेला आणि तिला हसू आलं. मास्टरजींनी दोन दिवस खपून बसवलेली पाठीवरची जाळी लाइफ जॅकेटखाली गाडली गेली होती. वारा येऊन जॅकेटाला थडकत होता आणि परत जात होता.

तेवढ्यात बोटाला गुंडाळलेला दोरा ओढला गेला.

एकदा. मग जोरात. तिचा उजवा हात आपोआप वर उडाला, डोक्याच्याही वर. तळाशी कुठेतरी जिवंत काहीतरी दोरा ओढत होतं, आणि ते हातातून, खांद्यातून, बरगडीपर्यंत येऊन धडकत होतं. एवढ्या मोठ्या शांत पाण्याच्या आत कुणीतरी होतं आणि त्याने तिला धरलं होतं. बाही सरसर कोपरापर्यंत चढली. शर्टाची कड कमरेतून वर आली. पाठीत कापड ताणलं. अमेरिकेतून आलेले ते शब्द एकामागोमाग एक तिच्या अंगावर खरे झाले.

आणि वर गेलेल्या हाताच्या खाली, बगलेत, वारा शिरला.

गार. नेमका तिथेच. जॅकेट तिथे नव्हतं, होडीतल्या बैठकीची पाठ तिथे नव्हती. सगळी ओढ तिथूनच सुरू होत होती आणि सगळा वारा तिथूनच येत होता. शीलाने मान वळवून स्वतःच्या बगलेकडे पाहिलं आणि बघतच राहिली. वडिलांच्या कुडत्याच्या बगलेत एक चौकोनी तुकडा होता. उसवताना तिने तो बाजूला टाकला होता. कापड कमी पडलं असेल म्हणून जोड दिला, असं वाटलं होतं दहा वर्षांच्या मुलीला. बाकीचे तुकडे जुळवून तिने पुन्हा शिवलं तेव्हा वडिलांना त्यात हात वर करता येईना.

दोरा सैल पडला. मासा गेला होता.

काठावर दादाराव पाण्यात घोट्यापर्यंत उतरून उभे होते. “मासा?”

“गेला.”

“काहून?”

“बगल बघत होते,” शीला म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन सूर्यांमुळे असेल.

सोमवारी तिने डमीकडे पाहिलंही नाही. पाठीवरची जाळी काढली. बाही मनगटाच्या पुढे दोन बोटं वाढवली. दोन्ही बगलांत तिरपा चौकोन घातला, जाळीचाच. कॉलर हनुवटीपर्यंत उभी राहील अशी केली. मास्टरजी लांबून बघत होते. शर्ट तयार होताच त्यांनी तो डमीवर चढवला. तो बगलेत चुरगळून उभा राहिला, गबाळा दिसत होता.

“यह भेजोगी?” मास्टरजी म्हणाले.

शीलाने डमीवरून शर्ट काढला आणि त्यांच्यापुढे धरला. “पहन के बैठिए, मास्टरजी. और हाथ ऊपर.”

चाळीस वर्षांत मास्टरजींना कुणी शर्ट घालून बघायला सांगितलं नव्हतं. ते स्टुलावर बसले. हात वर केला. बाही हलली नाही. त्यांनी दुसरा वर केला. मग दोन्ही हात पुढे-मागे, वल्हवल्यासारखे. सॅम्पल रूममध्ये, पंख्याखाली, बराच वेळ. “कहां से सीखा?” त्यांनी विचारलं.

“उधेड के,” ती म्हणाली.

नऊ दिवसांनी फॅक्स आला. कृतिका जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली. “पास! आंटी, पास! एकही कॉमेंट नाही!” मालकांनी चार हजार शर्टांची ऑर्डर लाइनवर घातली आणि जाता जाता म्हणाले, “सॅम्पल में ही रहो.” हा त्यांचा मोठा सत्कार.

जुलैत माल तयार झाला तेव्हा शीला फिनिशिंग हॉलमध्ये गेली. टेबलांवर शर्टांचे ढीग, खिडकीपर्यंत. तिने मनात हिशेब केला: आठ हजार बगला. आठ हजार चौकोन. कुठली कुठली माणसं, कुठल्या पाण्यावर, कुठल्या भाषेत गप्प बसलेली. आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाचा हात एक ना एक दिवस असाच वर उडणार, खालून कुणीतरी ओढल्यावर. तिला त्या ढिगांकडे बघून तलावातल्यासारखंच झालं.

धागा कटिंगच्या टेबलावर तिच्या जुन्या जागी पार्वती बसली होती. मान खाली, कात्री चालू. एक शर्ट उलटा करून तिने बगलेतली जाळी चिमटीत धरली. “दीदी, यह टुकडा किसलिए लगाया? कपडा कम पडा क्या?”

शीलाने तिच्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली.

“हाथ ऊपर कर,” ती म्हणाली.

पार्वतीने तिच्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच हात वर केला. तिच्या ब्लाउजची बाही दंडात रुतली, कमरेला खोचलेला पदर सुटला.

“और ऊपर.”