मिटल्या डोळ्यांची खुर्ची

रुग्णवाहिकेच्या मदतकक्षात सगळे तिला मावशीच म्हणत, कारण कक्षाचा प्रमुख तिचा सख्खा भाचा होता. फोन वाजला की मावशी डोळे मिटायची, बोटं कीबोर्डवर ठेवायची आणि पलीकडच्या माणसाला बोलू द्यायची. पत्ता, मजला, काय होतंय, सगळं न बघता टिपून घ्यायची.

ही सवय माहेरची. तिचे वडील देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. ऐकता ऐकता समोरच्यांचे डोळे मिटू लागले की त्यांचा आवाज मायेनं खाली यायचा. "आता गोष्ट आत उतरली," म्हणायचे. एखादा चक्क घोरायचा. "झोपलेला वेगळा कळतो," ते हसायचे, "पण त्यालाही उठवू नका. देवाच्या दारातच झोपलाय बिचारा."

मग कक्षात नवीन यंत्रणा आली. प्रत्येक पडद्यावर एक कॅमेरा. हजारो चेहरे दाखवून त्या यंत्राला शिकवलं होतं म्हणे, की कुणाचं लक्ष आहे, कुणाला कळवळा आहे, कोण कंटाळलंय. लक्ष असलं की हिरवा दिवा, नसलं की लाल. मावशीचा दिवा फोन उचलताच लाल व्हायचा तो ठेवेपर्यंत लालच. शेजारच्या खुर्चीवरच्या चष्मेवालीचा मात्र कायम हिरवा.

"मी तर डोळे उघडे ठेवून माहेरी जाऊन येते," चष्मेवाली म्हणाली. "जमतं ते. शिकवू?"

भाच्यानं मावशीला आपल्या काचेच्या खोलीत बोलावून घेतलं. "मावशी, यंत्र म्हणतंय, तुला फोनवरून काढा आणि मागे फायली लावायला बसवा."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो, डोळे उघडे ठेव ना. बाकी काम तुझ्या पद्धतीनं कर. एवढंच तर मागतोय."

लेकरू काकुळतीला आलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशीनं डोळे उघडे ठेवले. पडद्याच्या कोपऱ्यात तिचाच चेहरा दिसायचा, त्याखाली दिवा. जरा हसरं तोंड केलं की दिवा आणखी हिरवा. दुपारी एका म्हाताऱ्याचा फोन आला. बायको न्हाणीत पडली होती. मावशी दिव्याकडे बघत बघत विचारत होती. पत्ता पुन्हा विचारला. मग मजला पुन्हा विचारला.

"बाई," म्हातारा म्हणाला, "तुम्ही ऐकताय ना?"

दिवा हिरवागार होता.

गाडी वेळेवर पोचली, म्हातारी वाचली. पण म्हाताऱ्याचा प्रश्न मावशीच्या कानातून जाईना. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

सकाळी ती खुर्चीत बसली आणि पहिल्याच फोनला डोळे मिटले. दिवा लाल. दुसऱ्या फोनलाही लाल. चष्मेवाली कुजबुजली, "मावशी, साहेब येतायत. डोळे उघडा."

"येऊ दे."

भाचा येऊन मागे उभा राहिला. हातात टॅबलेट, त्यावर खुर्ची बदलण्याचं बटण उघडलेलं. तेवढ्यात फोन वाजला. कुण्या पोरीचा श्वास अडकत होता; पत्ता कसाबसा सांगितला, मग बोलता येईना. मावशी डोळे मिटून बसली. एकटी आहेस का, हो असेल तर एकदा टकटक कर. कितवा मजला, तितक्या वेळा टकटक कर. तिनं टकटकीवरून मजला काढला, गाडी पाठवली आणि गाडी दारात येईपर्यंत त्या पोरीबरोबर सावकाश श्वास घेत राहिली. दिवा लालच. फोन ठेवून तिनं डोळे उघडले, खुर्ची फिरवली आणि थेट भाच्याकडे पाहिलं.

"दाब बटण."

"मावशी, वरून विचारतात गं. मी काय सांगू त्यांना?"

"माणूस देवापुढे डोळे मिटतो, ते लक्ष नसतं म्हणून? लहानपणी तू शाळेतली रडगाणी सांगायचास, तेव्हा माझे डोळे उघडे असायचे का रे?"

भाच्यानं टॅबलेट जरा खाली घेतला.

"मी आपल्या पायानं उठणार नाही आणि उद्या डोळेही उघडणार नाही. मला उठवायचं तर तूच उठव. यंत्राच्या नावावर नाही. माझ्याकडे बघून म्हण, मावशी, तुझं लक्ष नव्हतं. बघ, आता डोळे उघडे ठेवलेत मी. तुझ्यासाठी."

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसायला घेतला.

भाच्यानं टॅबलेटकडे पाहिलं, मग मावशीकडे. बटणाशेजारी नकाराची चौकट होती, आजवर कुणी न वापरलेली. त्यात त्यानं सावकाश लिहिलं, 'यंत्र चुकतंय. जबाबदारी माझी.' खाली स्वतःचं नाव टाकलं.

"आता मलाच वर बोलावतील," तो म्हणाला.

"जा की. आणि ते बोलतील तेव्हा नीट ऐक," मावशी म्हणाली. "कसं ऐकायचं ते ठाऊक आहे ना?"

त्याला हसू आलं. फोन वाजला. मावशीनं डोळे मिटले, दिवा लाल झाला. शेजारी चष्मेवालीनंही फोन उचलला, जरा घुटमळली आणि आपले डोळे मिटून घेतले.