कुकरमधला रानओवा

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे, पण माझ्यात आता काही शिजत नाही, उगवतं. ही उलटी गंगा कशी वाहिली, ते सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी इतका चकचकीत होतो, की लोक माझ्यात बघून भांग पाडत. एका घड्याळजींच्या लग्नात मी भेट म्हणून आलो आणि अठरा वर्षं इमानेइतबारे शिट्ट्या दिल्या. "वेळेवर बोलणारा या घरात हा एकटाच," असं घड्याळजींची बायको चारचौघांत म्हणायची. घड्याळजींना ते फार लागायचं.

एका सकाळी माझा व्हॉल्व्ह उडाला. बटाटे छताला चिकटले. एक घड्याळजींच्या आईच्या अंबाड्यावर बसला. "या घरात हा राहील, नाहीतर मी!" त्या कडाडल्या. उत्तर यायला जरा वेळ लागला, तोही त्यांनी मनाला लावून घेतला.

माझी रवानगी गच्चीवर झाली. झाकण भंगारवाल्याने नेलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी आ वासून पडलो होतो.

मग गावाबाहेरची टेकडी रस्त्यासाठी खोदायला घेतली. घड्याळजींनी तिथून रानओव्याचं एक रोप वाचवून आणलं. इथल्याच मातीतलं, एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकणारं, पान चुरगाळलं की घमघमाट. बाकीचे सगळे रानओवे यंत्राखाली गेले. "हा फुलला की मधमाश्या येतात," म्हणत त्यांनी माझ्या बुडाला भोकं पाडली. दुखलं, पण काम मिळालं.

घड्याळजींची माया मात्र घड्याळाच्या काट्यावर चालणारी. सहाला पाणी, बाराला पाणी, पुन्हा सहाला पाणी. वर मुठीमुठीने खत आणि डोक्यावर छत्री. रानओवा पिवळा पडला. पिवळा पडला म्हणून आणखी पाणी!

"अहो, बुडवताय तुम्ही त्याला," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय? टेकडीवरचं शेवटचं रोप आहे ते!"

"टेकडीवर कोण जात होतं पाणी घालायला?"

घड्याळजी झारी भरायला निघून गेले. तिसऱ्या दिवशी भरलेली झारी घेऊन जिना चढताना ते घसरले आणि पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर.

"पाणी घातलंस का?" ते खाटेवरून ओरडायचे.

"घातलं हो!" स्वयंपाकघरातून उत्तर यायचं.

मित्रांनो, हे धादांत खोटं होतं. मी साक्षीदार आहे. तिने छत्रीसुद्धा काढून टाकली होती.

प्लास्टर निघाल्यावर घड्याळजी एका हाताने काठी टेकत, दुसऱ्या हातात झारी घेऊन वर आले आणि बघतच राहिले. रानओवा गच्च भरला होता. जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्यांची झुंबड उडाली होती.

"किती वेळा पाणी घालत होतीस?"

"दोनदा."

"दिवसातून?"

"नाही. सहा आठवड्यांत."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी नव्हतो म्हणून फुलला."

"तुम्ही आणला म्हणून फुलला," बायको म्हणाली. "मी काय, नुसती गप्प बसले. आता तुम्हीही बसा. झारी खाली ठेवा."

ते बसले. चांगला अर्धा तास बसले, आणि एकदाही मनगटाकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, रोपं जरूर लावा, जिवापाड जपा. पण त्यांना काय हवं ते आधी नीट बघा. आपल्या हौसेपायी त्यांचा जीव घेऊ नका. मात्र सहा आठवड्यांत दोनदा, हा नियम फक्त रानओव्याला. घड्याळजींच्या आईंनी खालून मुद्दाम ओरडून सांगितलंय: माणसांना वेळच्या वेळी जेवायला वाढा!