अर्धा धवला

मी टीव्ही बोलतोय. जरा जवळ या, कारण खालच्या फळीवरचा सेट-टॉप बॉक्स सगळं ऐकत असतो आणि त्याचा मला काडीचा भरवसा नाही. मी बंद असतानाही त्याचा लाल दिवा जागाच. काम नसताना कोण जागं राहतं, सांगा बरं?

माझा स्वभावच संशयी. पण माझ्या जागी राहून बघा! रोज संध्याकाळी माझ्या पोटातून काय काय बाहेर पडतं? दुधात औषध कालवणाऱ्या सासवा, खोटी मृत्युपत्रं, मेलेले आणि परत आलेले नवरे. अशा संगतीत कोण भोळं राहील?

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं फार आठवत नाही. पेणच्या बाजारातल्या दुकानात आम्ही सगळी भावंडं भिंतीवर एकच क्रिकेट दाखवत होतो. प्रविणला नागोठण्याकडे एका कंपनीत कायमची नोकरी लागली आणि त्या आनंदात तो मला घेऊन आला. जिते स्टेशनाच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव. इथला खारा वारा लोखंडाला सोडत नाही. माझे मागचे स्क्रू पहिल्याच वर्षी गंजले.

घरात प्रविण, त्याची बायको अनिता, वडील पुंडलिक आणि आई काशीबाई. पुंडलिकांचं आयुष्य मिठागरात गेलं. बोलणं कमी, रुसणं फार. काशीबाई धवलारीण. म्हणजे मांडवात बसून धवले गाणारी, गाऊनच लग्न लावणारी बाई. तिची रीत कडक होती. धवल्यात नाव घालायचं ते खऱ्या नवरा-नवरीचंच. आणि एकदा उचललेला धवला अर्ध्यात सोडायचा नाही. अर्धा राहिला तर संसार अर्धा राहतो, असं अख्खं गाव मानतं. एकदा वाऱ्याने मांडव उडाला, वऱ्हाडी पळाले, नवराही पळाला म्हणे. ही मात्र शेवटच्या ओळीपर्यंत जागची हलली नाही.

माझ्या शेजारी भिंतीवर बराच काळ रिकामा राहिलेला एक खिळा आहे. तिथे लेकीचा, किमयाचा फोटो होता. ती रोह्याजवळच्या धाटावला कारखान्यात नोकरीला होती. तिथल्याच सुशीलशी तिने कोर्टात लग्न केलं. तो रोह्याकडच्या भातशेतीवाल्यांचा, परजातीचा. पुंडलिकांनी फोटो खाली उतरवला आणि सांगितलं, "या घरात तिचा नाव कोनी काढायचा नाय."

नाव निघालं नाही. गावातल्या प्रत्येक पोरीला धवला म्हणणाऱ्या बाईच्या स्वतःच्या लेकीचं लग्न मुकंच राहिलं. माझ्या जाहिरातीत एखादी नवरी दिसली तरी काशीबाई पदर तोंडाला लावायची. मला फार वाईट वाटायचं. पण मी काय करणार, पुढची जाहिरात दाखवायचो.

अशात एक दिवस निलेश नावाचा माणूस आला. ज्या मालिकेवर काशीबाई जीव टाकते, त्याच मालिकेचा. गोड बोलणारा! तेव्हाच मी ओळखलं, पाणी मुरतंय.

"आजी, आमचा संगीतमय विशेष भाग येतोय," तो म्हणाला. "त्या दिवशी सगळी पात्रं गातात. हिरोईनच्या लग्नाला तुमचा धवला हवाय."

पुंडलिक तेव्हा खाडीवर गेले होते. निलेशने मायक्रोफोन लावला, पंखा बंद केला आणि काचेत उजेड चमकतो म्हणून माझ्यावर टॉवेल टाकला. तोंड झाकलं, कान नव्हे.

"मालिकेतल्या नवरा-नवरीची नावं घाला हं," तो म्हणाला.

"ज्यांचा लगीनच खोटा, त्यांचा नाव मी धवल्यात घेनार नाय."

"बरं बरं, मग तुमच्या धवल्यात जी असतील ती घाला. पारंपरिक वाटलं म्हणजे झालं."

काशीबाईने घसा खाकरला. मग तिने आवाज उचलला.

"मांडवाच्या दारी गो कोन उभी,
सुशीलची नवरी किमया उभी…"

टॉवेलाखाली मला घाम फुटला. अनिताच्या हातातलं भांडं पडलं. निलेश मात्र "वा, वा! काय जुनी चाल आहे!" म्हणत राहिला. त्याला वाटलं, नावं गाण्यातलीच आहेत.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. हे लोक ती ओळ ठेवतील की कापतील? ठेवली तर पुंडलिक काय करतील? तशात अनिता स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून फोनवर कुजबुजू लागली. "व्हय गो… बुधवारी… नक्की…" मी म्हटलं, संपलं! जुना द्या, नवा न्या. बुधवारी माझी रवानगी. इतकी वर्षं हिला पाककृती दाखवल्या, त्याचं हे फळ!

बुधवार उजाडला. मला न्यायला कुणी आलं नाही. संध्याकाळी तो भाग लागला तेव्हा घर गच्च भरलं होतं. शेजारणी चटईवर, प्रविण दारात, आणि मालिकांना कायम नाक मुरडणारे पुंडलिक चक्क खुर्चीवर, हातात रिमोट घेऊन. बायकोचा आवाज ऐकायला बसले होते, पण चेहऱ्यावर मात्र बातम्यांची वाट बघत असल्याचा आव.

अहो, काय तो भाग! सगळे गात होते. सासू गात गात किल्ल्या चोरत होती. डॉक्टर गाऊनच सांगत होता की रिपोर्ट चांगले नाहीत. बोलून खोटं पचलं नाही की माणसं गायला लागतात, असा माझा जुना संशय आहे. मधेच जाहिरात आली तेव्हा काशीबाई नेहमीसारखी म्हणाली, "मधीच तोडतात मेले." पण आज ती माझ्याकडे बघत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती.

मग मांडव आला. पैठणी नेसलेल्या एका नटीने ओठ हलवले आणि तिच्या तोंडून काशीबाई गाऊ लागली. शेजारणी ओरडल्या, "अगो, ह्यो तर तुजा आवाज!" खाली नाव येईल म्हणून मी डोळे लावून बसलो. आलं नाव? छट! नुसतं 'पारंपरिक'. मी म्हटलं नव्हतं?

आणि ती ओळ आली. कापली नव्हती. सुशीलची नवरी किमया उभी.

शेजारणींच्या माना पुंडलिकांकडे वळल्या. ज्या घरात ते नाव काढायचं नव्हतं, तिथे ते माझ्या तोंडून निघालं. पुंडलिकांनी रिमोट उचलला. मी मनात म्हटलं, आता हे मला बंद करणार, नाहीतर रिमोटच फेकून मारणार.

त्यांनी आवाज वाढवला.

आणखी दोन ओळी झाल्या. म्हातारा खुर्चीच्या टोकाशी सरकला. आणि तेवढ्यात, गाणं तोंडात असतानाच, माझ्या पडद्यावर भांड्यांचा साबण आला. जाहिरात संपली, भाग पुढे सरकला, मांडव गेला. धवला काही परत आला नाही.

पुंडलिक ताडकन उठले. "तोडला? माज्या पोरीचा धवला अर्ध्यात तोडला?"

'माज्या पोरीचा.' सगळ्यांनी ऐकलं. सेट-टॉप बॉक्सनेसुद्धा.

काशीबाई शांतपणे म्हणाली, "अर्धा ऱ्हायला खरा. पुरा करायला नवरी समोर पायजे."

म्हातारा येरझारा घालू लागला. राग एकीकडे आणि लेकीचा अर्धा संसार दुसरीकडे. शेवटी त्यांनी अनितापुढे हात केला. "लाव तिला फोन."

अनिताला नंबर शोधावा लागला नाही. तेव्हा कळलं, बुधवारची कुजबुज कुणाशी होती ते. पलीकडे लेकही तोच भाग बघत होती आणि हुंदके देत होती.

रविवारी दोघं रोह्याहून गाडीने आले. जिते स्टेशनवर उतरवून घ्यायला पुंडलिक स्वतः गेले होते. माझ्यासमोर पाट मांडले, अनिताने हळद लावली. मी एक गाणं लावायच्या तयारीत होतो, तर पुंडलिकांनी मला खटकन बंद केलं. एरवी मी रागावलो असतो. पण काळ्या काचेत सगळं दिसत होतं. सुशील अवघडून बसला होता, किमया रडत होती, आणि काशीबाई कुठेही न थांबता शेवटच्या ओळीपर्यंत गात होती.

आता माझ्या पडद्याच्या खालच्या अंगाला एक काळी पट्टी आली आहे. शेजारच्या खिळ्यावर फोटो आहे, दोघांचा. मला एकच मागणं मागायचंय. मला विकायचं तेव्हा विका, पण त्या खिळ्याशेजारून काढताना जरा सावकाश काढा.

आणि हो, एक संशय अजून जात नाही. मालिकांतली गाणी कशी तुटतात, हे इतकी वर्षं माझ्यासमोर बसलेल्या काशीबाईला ठाऊक नव्हतं? त्या रविवारी सगळे जेवायला उठल्यावर ती माझ्याजवळ आली, पदराने माझी काच पुसली आणि हळूच म्हणाली, "बरा तोडलास, बाबा."