ससोबाच्या पोटातला श्वास

मित्रांनो, दातांच्या दवाखान्यात शिरलात की तुमचे सगळे लक्ष त्या मोठ्या खुर्चीकडे आणि तिच्या शेजारी घूं घूं करणाऱ्या यंत्राकडे. बरोबरच आहे, भीती तिथेच वाटते. पण खुर्चीच्या मागे, बेसिनला लागून जो कोपरा आहे ना, तिकडेही कधी मान वळवा. तिथे मी उभा असतो. मी एक जुना ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. अंग काळे, मान पांढरी आणि बोलणे जवळजवळ नाहीच. आज मात्र बोलणार आहे.

माझा जन्म आगीतला. लालबुंद पोलाद ओढून, ठोकून मला घडवले. मग पोटात पाणी भरून असा दाब दिला की वाटले, आता फुटतो! फुटलो नाही, म्हणून मानेवर तपासणीची तारीख ठोकली आणि पोटात श्वास भरला. वस्तूच्या जन्माला येऊन कुणाला पाणी सांभाळायला मिळते, कुणाला धान्य, कुणाला कपडे. मला काय मिळाले? श्वास! देव जो सगळ्यांना न मागता देतो, त्यातलाच थोडा त्याने माझ्यापाशी ठेव म्हणून दिला. "सांभाळ रे बाळा. कुणाला कमी पडला तर दे." तेव्हापासून मी तो निरोप उराशी धरून उभा आहे.

आमचा दवाखाना खासगी, दोन खोल्यांचा. आत डॉक्टरताई दात बघतात. बाहेर टेबलाशी त्यांच्या आई बसतात, त्यांना सगळे माई म्हणतात. हत्यारे धुऊन वाफेच्या यंत्रात घालण्याचे काम मदतनीस काकांचे. आणि माझे काम? भूल दिल्यावर कुणाला घेरी आली, धाप लागली, तर मला ओढून आणायचे, चावीने झडप उघडायची आणि मास्क नाकावर धरायचा. बस्स.

सुरुवातीला डॉक्टरताई रोज सकाळी माझी झडप जराशी उघडायच्या. तबकडीवरचा काटा टुणकन वर जायचा. "आहे गं बाई, भरलेला आहे," असे स्वतःशीच म्हणून त्या झडप बंद करायच्या. तेवढ्या एका वाक्यावर माझा सगळा दिवस सरायचा. पण माझी गरज कुणालाच पडेना. मनात यायचे, एकदा तरी कुणीतरी माझ्या श्वासाने डोळे उघडावेत! आणि लगेच शरमायला व्हायचे. अरे, म्हणजे कुणावर तरी संकट यावे असेच की मी मागतोय! अशी माझी ओढ. पुरी व्हावीशीही वाटायची आणि होऊ नये असेही वाटायचे.

एकदा एक छोटा मुलगा मला बघून "बॉम्ब! बॉम्ब!" असा ओरडला आणि दाराला जो चिकटला तो सुटेचना. माईंना फार वाईट वाटले. त्यांनी सुया-लोकर काढली आणि माझ्यासाठी पांढराशुभ्र अंगरखा विणला. वर दोन लांब कान, बटणांचे डोळे, गुलाबी नाक. मी ससा झालो! मुलांनी माझे नाव ससोबा ठेवले. खुर्चीवर बसण्याआधी जो तो मला मिठी मारून जायचा. एका मुलीने तर नाकाचा पापा घेतला. मित्रांनो, पोलादाला कुणी पापा देते का हो? मला मिळाला!

मुले अंगरखा ओढायची, म्हणून माईंनी तो मागून-खालून जाड दोऱ्याने घट्ट शिवून टाकला. "आता काढून दाखवा म्हणावं!"

त्यानंतर एका सकाळी डॉक्टरताई चावी घेऊन आल्या, तेव्हा माई म्हणाल्या, "अगं, राहू दे ना. कधी लागलाय का तो? उगाच टाके उसवशील." डॉक्टरताई हसल्या. चावी खणात गेली आणि तिथेच राहिली.

पुढे माझ्या झडपेतले वायसर झिजले. आतला श्वास हळूहळू निसटू लागला. लोकरीच्या आत ते कुणाला कळणार? एक मुलगा मात्र माझ्या मानेला कान लावून म्हणाला, "माई, ससोबा झोपलाय. फुसफुस करतोय." माई कौतुकाने म्हणाल्या, "हो का? मग उठवू नकोस हं त्याला." मला ओरडावेसे वाटले, उठवा हो! पण मला कुठला आवाज? माझी ठेव थेंबथेंब गळत होती आणि मुले मला मिठ्या मारत होती. एके दिवशी ती फुसफुसही थांबली.

मग दवाखान्याची तपासणी आली. तपासनीस बाई साध्या, चष्मेवाल्या. त्यांनी वाफेचे यंत्र चालवून पाहिले, वापरलेल्या सुयांचा डबा पाहिला, हातमोजे पाहिले. सगळे चोख. "स्वच्छता बघून बरं वाटलं," त्या म्हणाल्या. डॉक्टरताईंचा चेहरा खुलला.

"आणि ऑक्सिजन?"

"हा काय," म्हणत काकांनी माझा कान धरला.

"हा ससा?"

"सशाच्या आत आहे, बाई."

तपासनीस बाई खळखळून हसल्या. "सुरेख विणलाय. कुणी?"

"मीच," माई लाजत म्हणाल्या.

"छान. आता असं समजा, मला भूल दिलीये आणि मला श्वास येत नाहीये. करा सुरुवात." असे म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मान टाकली.

काय धांदल उडाली म्हणता! चावी कुठल्या खणात? या नाही, त्या नाही. काकांनी अंगरखा वर ओढला, तो हलेना. "माई, कात्री द्या, कात्री!"

"अहो, जपून! कान कापाल त्याचा!" माईंच्या तोंडून निघून गेले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. खुर्चीत मान टाकून बसलेल्या बाईंकडे त्या बघतच राहिल्या.

शेवटी डॉक्टरताईंनी दोन्ही हातांनी लोकर फाडली. मास्कच्या रबराला चिरा पडल्या होत्या. चावी एकदाची सापडली, झडप फिरली. मी सगळा जीव एकवटला. काटा हलला नाही.

तपासनीस बाईंनी डोळे उघडले. "मी गेले," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरताईंनी झडप पुन्हा एकदा फिरवून पाहिली.

"सिलिंडर तपासून, भरून येईपर्यंत इथे कुणालाही भूल द्यायची नाही. तोवर दवाखाना बंद."

"बाई, पण बाहेर माणसं बसलीयेत," डॉक्टरताई म्हणाल्या.

"म्हणूनच."

"चूक माझी आहे हो," माई पुढे होत म्हणाल्या. "हिला काही बोलू नका. शिवलं मी."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "मायेनं शिवलंत, ते दिसतंय मला. पण उद्या खरंच माझा जीव घाबरा झाला ना माई, तर मला ससा नको असेल."

माझी रवानगी झाली ती सिलिंडरांच्या आवारात. जे तपासणीत टिकत नाहीत, त्यांना तिथे भोक पाडून भंगारात टाकतात. माझ्या शेजारच्याला डोळ्यांदेखत टाकले. उघड्यावर पडल्या-पडल्या मला तो कोपरा आठवायचा. बेसिनच्या नळाचा आवाज, बाकावरची कुजबुज, माईंचे "पुढचे कोण?" मी म्हणालो, देवा, मिठ्या नकोत, नाव नको, फक्त तुझी ठेव पुन्हा माझ्या पोटात घाल! पुन्हा पाणी भरले, पुन्हा तो जीवघेणा दाब. मी तग धरला. नवे वायसर आले, मानेवर नवी तारीख आली आणि पोटात श्वास आला.

आता मी चाकांच्या गाड्यावर उभा असतो, उघडाबोडका. तपासनीस बाईंनी परत येऊन तसेच खुर्चीत मान टाकून पाहिले. या वेळी त्यांनी मान टाकली न टाकली तोच मास्क नाकाशी होता! दवाखाना उघडला. मुलेही येऊ लागली. पण मला मिठी कोण मारणार? थंडीच्या सकाळी ती लोकर आठवते, तो पापा आठवतो. खोटे कशाला सांगू, फार आठवतो.

परवा एक मुलगी आली. वडिलांचे बोट सोडायला तयार नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "ते काळं काय आहे?"

माई उठून आत आल्या. "तुला कधी धाप लागली, तर तुझ्यासाठी ठेवलेला श्वास आहे त्यात."

मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, "भरलाय का पण?"

माईंनी चावी फिरवली. काटा टुणकन वर गेला. मुलीने तो नीट पाहिला, "मग ठीक आहे," म्हणाली आणि आपण होऊन खुर्चीवर चढली.

मित्रांनो, मला पुष्कळांनी गोंजारले, पण "भरलाय का?" असे माझ्याबद्दल कुणी विचारले नव्हते. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात संकटासाठी ठेवलेले माझ्यासारखे कितीतरी मुके जीव कोपऱ्यात उभे असतील. त्यांना खुशाल सजवा. पण अधूनमधून उघडून बघा, तुमच्या घरच्यांना, गुरुजींना, डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजू नका.

त्या मुलीचा दात निघाला. गाल धरून, वडिलांचा हात धरून ती चालती झाली. तिला माझी गरज पडली नाही, तिने मागे वळूनही पाहिले नाही. मी मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो, काठोकाठ भरलेला.